पिवळं वेटोळं विझेपर्यंत

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पेट्रोलच्या गाडीत प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर स्पार्क प्लग बसलेला असतो आणि तो वेळ साधून इंधनाला काडी लावतो. डिझेलच्या इंजिनात काडी लावणारं कुणीच नाही. तिथे पिस्टन वर येतो, कोंडलेली हवा दाबतो, आणि ती हवा इतकी तापते की तिच्यात डिझेलचा फवारा शिरला की आपोआप पेटतो. जहाजं, आगगाड्या, एसटी, शेतातले पंप, रात्रभर घाट चढणारे ट्रक, सगळे शंभराहून अधिक वर्षं एवढ्याच गोष्टीवर चालत आले आहेत: हवा दाबली की तापते.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक चटका देतं, ती हीच ऊब. तिथे हवा तीन-चार पटींनी दबते. डिझेलच्या छोट्या इंजिनांत ती वीस-बावीस पटींनी दबते. आता जानेवारीतली छत्रपती संभाजीनगरची पहाट घ्या, तापमान १० अंश. उष्णतेला बाहेर पडायला अजिबात वाट मिळाली नाही असं धरून बावीस पट दाबाचा हिशेब केला, तर उत्तर येतं सुमारे ७०० अंश सेल्सिअस. डिझेल आपोआप पेटायला साधारण २१० ते २५० अंश पुरतात. म्हणजे गरजेच्या जवळजवळ तिप्पट आकडा हाताशी आहे.

आणि तरीही त्याच पहाटे पाच वाजता जाधववाडीच्या बाजार समितीकडे भाजी घेऊन निघायचं असतं, तेव्हा अंगणात उभा असलेला छोटा हत्ती सेल्फ मारून मारूनही चालू होत नाही. मागच्या नळीतून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर निघतो, बॅटरी दमते, आणि फुलंब्रीहून आणलेली अद्रक जागच्या जागी राहते. कागदावर सातशे अंश होते. ते गेले कुठे?

या प्रश्नाचं उत्तर पेन्सिलीच्या जाडीच्या एका धातूच्या कांडीपाशी जाऊन पोचतं. पुस्तकात तिला ग्लो प्लग म्हणतात, गॅरेजमध्ये हीटर प्लग. ती झिजली, बदलली, गाडी चालू झाली, एवढ्यावर बहुतेकांचा तिच्याशी संबंध संपतो. पण ती काय भरून काढते हे कळलं की डिझेल इंजिनाचं सगळं गुपितच उलगडतं, आणि मला वाटतं, रोज रस्त्यावर दिसणाऱ्या यंत्रात याहून देखणी गोष्ट फार थोडी आहे.

आधी या छोट्या हत्तीची ओळख. टाटा मोटर्सने २००५ मध्ये एस नावाची चारचाकी छोटी मालगाडी आणली, तीच ही. तिचं पहिलं डिझेल इंजिन दोन सिलिंडरचं, ७०२ घनसेंटीमीटरचं, १६ अश्वशक्तीचं. सिलिंडरमागे हिशेब पडतो ३५१ घनसेंटीमीटर. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. इथल्या थंड पहाटे एवढ्या जागेत मावणाऱ्या हवेचं वजन भरतं जेमतेम ०.४ ग्रॅम. या ०.४ ग्रॅम हवेनेच काडीचं काम करायचं आहे.

हवा दबून तापते आणि त्याच क्षणी तिची ऊब भिंतींकडे पळायला लागते. सिलिंडर, पिस्टनचा माथा, वरचं हेड, सगळं रात्रभर थंडीत गार पडलेलं बीड किंवा ॲल्युमिनियम. ०.४ ग्रॅम हवेला तापवणं सोपं, पण तिच्याभोवती किलोच्या किलो थंड धातू उभा आहे. किती ऊब पळेल हे ठरतं पळायला किती वेळ मिळाला यावर. गाडी ३,२०० फेऱ्यांनी धावत असताना पिस्टन खालून वर यायला एका सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. एवढ्या वेळात भिंतींना फारसं काही हाती लागत नाही. सेल्फ मात्र इंजिनाला मिनिटाला दोनशेच्या आसपास फेऱ्यांनीच फिरवतो. तेव्हा तोच प्रवास सुमारे ०.१५ सेकंदाचा होतो, म्हणजे सोळापट लांब. शिवाय पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या फटींतून हवाही खाली निसटते. हे सगळं धरून तोच हिशेब पुन्हा ढोबळ मानाने मांडला, तर सातशेचे साडेतीनशेच्या आसपास उरतात. रिंगा झिजलेल्या असतील, बॅटरी अशक्त असेल, थंडीने ऑइल घट्ट झालं असेल, तर त्याहूनही कमी. थंडी इथे एकाच वेळी सगळीकडून हात मारते: हवा मुळात गार, धातू गार, ऑइल जड, म्हणून सेल्फ मंद, म्हणून वेळ जास्त, म्हणून गळती जास्त.

साडेतीनशे म्हणजे अडीचशेपेक्षा जास्तच की, असं वाटेल. पण अडीचशे अंशांवर डिझेल पेटतं ते त्याला निवांत वेळ दिला तर. इंजिनात फवारा आत शिरल्यापासून पेटेपर्यंत सेकंदाचे हजारावे भाग मोजायचे असतात आणि तापमान थोडं घटलं की पेटायला लागणारा वेळ झपाट्याने वाढतो. तेवढ्यात पिस्टन खाली निघून जातो, हवा पसरते, पसरली की गार होते आणि संधी जाते. न पेटलेलं डिझेल वाफ होऊन बाहेर पडतं आणि बाहेरच्या गारठ्यात त्याचं धुकं होतं. तोच तो पांढरा धूर. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल, पांढरा म्हणजे मुळीच न जळलेलं. सकाळच्या वेळी धुराचा रंग बघून गाडीच्या पोटात काय चाललंय ते सांगणारे लोक काही चमत्कार करत नसतात. ते हीच गोष्ट वाचत असतात.

मग मोठ्या ट्रकचं काय? दहा चाकी गाडीखाली रात्री झोपलेला ड्रायव्हर पहाटे उठतो, सेल्फ मारतो, गाडी चालू. त्या इंजिनाला सहसा हीटर प्लगच नसतो. टाटांच्या जुन्या सहा सिलिंडरी ट्रक-इंजिनाची क्षमता ५,६७५ घनसेंटीमीटर, म्हणजे एका सिलिंडरला साडेनऊशेच्या आसपास, छोट्या हत्तीच्या पावणेतीनपट. भांडं मोठं झालं की त्याचा आतला भाग घनाच्या हिशेबाने वाढतो आणि भिंती वर्गाच्या हिशेबाने. म्हणून छोट्या सिलिंडरमधल्या हवेच्या प्रत्येक कणामागे मोठ्या सिलिंडरपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त भिंत येते. ऊब चोरणारे तेवढे जास्त. उंदराला हत्तीपेक्षा थंडी जास्त वाजते ते याच नियमाने, आणि आपल्या या छोट्या हत्तीला मोठ्या ट्रकपेक्षा जास्त वाजते तीही याच नियमाने.

दुसरं कारण हेडच्या आत दडलेलं आहे. मोठ्या ट्रकमध्ये नोझल थेट पिस्टनच्या माथ्यावरच्या खळग्यात डिझेल फवारते. छोट्या हत्तीच्या पहिल्या इंजिनात तसं नव्हतं. हेडमध्ये एक छोटा वेगळा कप्पा, त्याला सिलिंडरकडे उघडणारी अरुंद वाट. पिस्टन वर आला की हवा त्या वाटेने कप्प्यात घुसते आणि डिझेल तिथेच फवारलं जातं. आग आधी कप्प्यात लागते आणि मग वाटेतून उसळून सिलिंडरमध्ये येते. ही कल्पना जुनी आहे. जर्मनीत बेंझ कंपनीत काम करणाऱ्या प्रॉस्पर लोरांज यांनी १९०९ मध्ये अशा पूर्व-कप्प्याचं पेटंट घेतलं. पुढे इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी १९३० च्या दशकात हवेला भोवऱ्यासारखी फिरवणारा कप्पा बसवला. हवा स्वतःच घुसळून निघत असल्यामुळे फवारा फार बारीक असायची गरज उरली नाही. कमी दाबाचा पंप चालला, इंजिनाचा खडखडाट कमी झाला आणि डिझेल छोट्या गाड्यांत शिरू शकलं. त्याची किंमत एकच: कप्पा, वाट, कडा, सगळ्या मिळून भिंती आणखी वाढल्या.

ही किंमत अंशांत सांगता येते. इंजिन बनवणाऱ्यांचा ठोकताळा असा, की पूर्व-कप्प्याच्या इंजिनाला ४० अंशांखालीच मदत लागायला लागते, भोवरा-कप्प्याच्या इंजिनाला २० अंशांखाली आणि थेट फवारणीच्या इंजिनाला शून्याखाली. हे तीन आकडे आपल्या शहरावर ठेवून बघा. संभाजीनगरात पाणी गोठण्याइतकी थंडी पडत नाही, म्हणून थेट फवारणीचे मोठे ट्रक इथे बारा महिने निश्चिंत. पण हिवाळ्यातली जवळजवळ प्रत्येक पहाट २० अंशांखाली असते. हीटर प्लग हे बर्फाळ देशाचं सामान आहे, आपल्याकडे त्याचं काय काम, असं ज्यांना वाटतं त्यांच्या नजरेतून नेमका हा विसाचा आकडा सुटलेला असतो.

मराठी मुलखाने हाच प्रश्न प्लगशिवाय सोडवलेलाही पाहिला आहे, आणि तो उपाय मला तितकाच देखणा वाटतो. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला सुरू झाली आणि तिची इंजिनं मराठवाड्यातल्या विहिरी-विहिरींवर पोचली. त्या इंजिनाला हँडल मारणारा माणूस आधी वरची एक छोटी कळ उचलायचा. त्या कळीने व्हॉल्व्ह थोडा उघडा राहतो, हवा दबतच नाही, आणि हँडल हलकं फिरतं. जड चाकाने चांगला वेग घेतला की कळ खाली टाकायची. वेगाने फिरणाऱ्या चाकाची सगळी ताकद आता हवेवर येते, ती एका झटक्यात दबते, ऊब पळायच्या आत डिझेल पेटतं. भिंतींना वेळच द्यायचा नाही, हा तो उपाय. रब्बीच्या पहाटे गव्हाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याने हे कधी अशा भाषेत मांडलं नसेल, पण त्याच्या खांद्याला ते पक्कं ठाऊक होतं. आपल्या शहरालाही छोटं डिझेल इंजिन परकं नाही. चिकलठाणा आणि शेंद्र्यात ग्रीव्ह्‌ज कॉटनच्या कारखान्यांत तीनचाकी गाड्यांची लाखो छोटी डिझेल इंजिनं तयार झालेली आहेत.

हीटर प्लगचा उपाय वेगळा. तो वेळेशी झगडत नाही. तो कप्प्याच्या आत एक जागा इतकी तापवून ठेवतो की बाकीची हवा कमी पडली तरी तिथे आग लागावीच. किल्ली अर्धी फिरवली की काट्यांच्या शेजारी एक पिवळं वेटोळं उजळतं, तो त्याचा निरोप असतो. थांबा, अजून तापतोय. जाणकार ड्रायव्हर ते विझेपर्यंत सेल्फला हात लावत नाही.

त्या कांडीच्या आत काय आहे? बाहेर उष्णता सोसणाऱ्या निकेल-मिश्रधातूची टोकाला बंद नळी. आत लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या तारेचं वेटोळं, त्याचं टोक नळीच्या टोकाला जोडलेलं. तार आणि नळी यांच्यामधल्या जागेत मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली असते आणि मग अख्खी नळी बाहेरून दाबून बारीक केलेली असते, म्हणजे पूड आणखी घट्ट बसते. या पुडीची निवड बघून थक्क व्हायला होतं. ती उष्णता चांगली वाहून नेते आणि वीज वाहू देत नाही. बहुतेक पदार्थांत हे दोन गुण जोडीने येतात किंवा जोडीने जातात. इथे एक आहे आणि दुसरा नाही, आणि म्हणूनच तारेची ऊब नळीपर्यंत पोचते पण वीज मध्येच नळीत उतरत नाही.

त्याहून सुंदर आहे ते मागचं दुसरं वेटोळं. पुढचं तापवणारं, मागचं सांभाळणारं. मागच्या वेटोळ्याचा धातू असा, की तो गरम होईल तसा विजेला जास्त अडवतो. किल्ली फिरवली की सुरुवातीला प्लग वीसेक अँपिअर ओढतो, गाडीचे दिवे क्षणभर मंदावतात. पुढचं टोक लालभडक होतं, ऊब मागे सरकते, मागचं वेटोळं तापतं आणि वीज आपोआप निम्म्यावर येते. कुठलं यंत्र नाही, कुणी मोजत नाही. धातूचा स्वभावच पहारेकरी झालेला आहे. अशा प्लगचं टोक काही सेकंदांत साडेआठशे ते हजार अंशांपर्यंत जातं आणि तिथेच थांबतं, वितळत नाही.

हे टोक कप्प्यात काही मिलिमीटर डोकावतं, फवाऱ्याच्या अगदी कडेला. थेट धारेत नाही, कारण थंड डिझेलचा मारा बसला तर टोक गार पडेल आणि लवकर झिजेल. फार लांबही नाही. फवाऱ्याच्या काठावरची वाफ टोकाला स्पर्शून जाते, तिथे पहिली ज्योत धरते आणि भोवऱ्यातल्या हवेबरोबर अख्ख्या कप्प्यात पसरते.

दोन सिलिंडर, दोन प्लग. एक गेला तर अर्धं इंजिन थंड. अशी गाडी चालू होते तेव्हा बघावं. एकच सिलिंडर पेटलेला असतो, गाडी अंगभर थरथरते, मागून पांढरा धूर येतच राहतो. पेटलेला सिलिंडर न पेटलेल्याला ओढत नेतो. पण त्या ओढण्यातही दुसऱ्या सिलिंडरमध्ये प्रत्येक फेरीला हवा दबते, थोडी ऊब भिंतीला देऊन जाते, पुढच्या फेरीची हवा थोड्या उबदार भिंतीत दबते. पुन्हा, पुन्हा. फुकट गेलेला प्रत्येक दाब पुढच्याला बळ देतो आणि अर्ध्या-एक मिनिटात तोही सिलिंडर धरतो. थरथर थांबते, धूर निवळतो. ड्रायव्हरला वाटतं गाडी बरी झाली.

म्हणूनच हा दोष लपून राहतो. एप्रिल-मेमध्ये हवा चाळीस अंशांची असते तेव्हा मेलेल्या प्लगची कुणाला गरजच पडत नाही. पावसाळाही निभतो. दिवाळीच्या आगेमागे पहिला गारठा पडला की गाड्या गॅरेजला यायला लागतात, आणि त्याही सकाळी दहा-अकराला, ऊन अंगावर घेऊन.

"उस्ताद, सकाळी बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारला, तेव्हा कुठे चालू झाली."

"आत्ता तर एका सेल्फला चालू झाली तुझी."

"तेच तर सांगतोय ना."

जाणता उस्ताद अशा वेळी गाडी आणणाऱ्यावर विश्वास ठेवतो. तो वायर सोडवून टेस्ट लॅम्प किंवा मीटर लावतो. चांगल्या प्लगची अडवणूक एका ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. तार तुटलेली असेल तर मीटर काहीच दाखवत नाही. मात्र प्लगपर्यंत वीज पोचते का, हे आधी बघायचं. कित्येकदा प्लग ठणठणीत असतो आणि रिले किंवा फ्यूज गेलेला असतो. उलटही होतं: रिले चिकटून बसला तर गाडी चालू झाल्यावरही प्लगला वीज जातच राहते आणि नवे प्लगही थोड्या दिवसांत जळतात. नोझल टपकत असेल, पंपाचं टायमिंग पुढे गेलं असेल, तरी टोक जळतं. जळालेलं टोक म्हणजे आतल्या आजाराची खूणच असते. ती नीट न बघता नवा प्लग बसवून देणं म्हणजे गिऱ्हाइकाला पुढच्या महिन्यात परत बोलावणं आहे, आणि चांगला माणूस तसं करत नाही.

मग प्लग काढायचा. ऐकायला एका गोटी-पान्याचं काम, पण सगळा धोका इथेच आहे. वर्षानुवर्षं कप्प्यातली काजळी प्लगच्या टोकाभोवती जमून दगड झालेली असते आणि आटे उष्णतेने धरलेले असतात. १० मिलिमीटर आट्याचा प्लग बसवताना सुमारे १५ न्यूटन-मीटर जोर पुरतो. साधारण ३५ च्या पुढे गेलं की तो मध्येच तुटतो. लांब दांड्याच्या पान्याने हे ३५ कधी ओलांडले ते हाताला कळतही नाही. तुटला तर अर्धा तुकडा हेडमध्ये, आणि मग हेड उतरवण्यावाचून बहुधा गत्यंतर नसतं. शेकड्यांत होणारं काम हजारांत जातं. कधी टोक जास्त तापून फुगलेलं असतं, तेव्हा आटे सुटतात पण प्लग भोकातून बाहेर येत नाही. टोक तुटून आत पडलं तर तो तुकडा इंजिनाची वाट लावू शकतो.

म्हणून घाई नाही. आदल्या संध्याकाळी आट्यांवर जाम सोडवणारं तेल मारून ठेवायचं. इंजिन गरम असताना काम करायचं, कारण तापल्यावर हेडचं ॲल्युमिनियम प्लगच्या पोलादापेक्षा जास्त फुगतं आणि पकड सैल होते. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढायची. मग थोडं सोडवायचं, पुन्हा थोडं आवळायचं, पुन्हा सोडवायचं, काजळीला चुरगाळत चुरगाळत. हट्टाने येत नसेल तर जोर वाढवण्याऐवजी पुन्हा तेल टाकून थांबायचं. टॉर्क रेंच इथे चैन नाही, हेडचा विमा आहे.

जुना प्लग निघाल्यावर नवा लगेच बसवायचा मोह होतो. पण भोकातली काजळी तशीच राहिली तर नव्या प्लगचं टोक काजळीत रुतून बसतं, ऊब कप्प्यात जायच्या ऐवजी हेडमध्ये झिरपते आणि नवा प्लग अकाली जातो. त्यासाठी खास मापाचा रीमर मिळतो. त्याच्या खाचांत ग्रीस भरून तो हाताने फिरवायचा. सुटणारी काजळी ग्रीसला चिकटून बाहेर येते, आत पडत नाही. मला हे काम पाहणं फार आवडतं. एवढ्या आगीच्या यंत्रात इतकी हळुवार साफसफाई लागते.

नवे प्लग दोन्ही एकदम बदलावेत. एक गेला म्हणजे त्याच्याच वयाचा दुसरा फार मागे नसतो, आणि या दोघांचं वय किलोमीटरपेक्षा किती वेळा गाडी चालू केली यात मोजणं जास्त खरं. दिवसभर वीस दुकानांवर थांबणारी गाडी लाखभर किलोमीटरच्या आधीच प्लग संपवू शकते. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे प्लग त्याच गाडीच्या मापाचा आणि त्याच व्होल्टेजचा हवा. जुन्या पद्धतीचे प्लग १२ व्होल्टच्या बॅटरीवर थेट तापतात, ते बाकावर पकडीत धरून बॅटरी लावून तपासता येतात. नव्या गाड्यांत ४.४ व्होल्टच्या आसपासचे प्लग येतात, त्यांना नियंत्रक तुकड्या-तुकड्यांनी वीज देतो. असा प्लग थेट १२ व्होल्टला लावला की काही क्षणांत जळून जातो.

आणखी एक सांगायलाच हवं. चालू न होणाऱ्या डिझेलला हवेच्या वाटेने ईथरचा फवारा देणारे आहेत. ज्या इंजिनात हीटर प्लग आहे तिथे हे कधीही करू नये. ईथर फार कमी तापमानाला पेटतो. लालभडक प्लगला तो भिडला की स्फोट नको त्या क्षणी होतो आणि पिस्टन, रिंगा, कधी कधी हातसुद्धा जायबंदी होतात.

या साध्या कांडीचा आपल्याकडचा इतिहासही मोठा आहे. टाटांनी डाइम्लर-बेंझबरोबर जमशेदपूरला १९५४ मध्ये ट्रक बनवायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या गाड्यांतलं इंजिन पूर्व-कप्प्याचंच होतं, लोरांज यांच्या घराण्यातलं. त्या काळच्या अशा इंजिनांत प्लग म्हणजे उघडी जाड तार असायची, आणि सगळे प्लग एकामागून एक माळेत जोडलेले. त्याच माळेत एक छोटी तार ड्रायव्हरच्या समोर असायची. ती लाल झाली की प्लगही लाल झाले असं समजायचं. एक प्लग तुटला की सगळी माळ विझायची, आणि नेमका कोणता गेला ते एकेक तपासून शोधावं लागायचं. पुढे प्रत्येक प्लगला स्वतंत्र वीज मिळू लागली, आणि एकाच्या मरणाने बाकीचे मरेनासे झाले. आज पिवळं वेटोळं नुसतं चित्र आहे, पण ते काढलेलं आहे खऱ्याखुऱ्या तापलेल्या तारेवरून.

२००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि ऑक्टाव्हिया तिथे जोडली जाऊ लागली. तिच्या १.९ लिटरच्या डिझेल इंजिनात थेट फवारणी होती. वरच्या ठोकताळ्याने आपल्या हवेत अशा इंजिनाला प्लगची गरज जवळजवळ नाही. तरीही प्लग आहेत, कारण तोपर्यंत त्यांच्याकडे दुसरं काम आलेलं होतं. इंजिन चालू झाल्यावरही काही वेळ, कधी दोन-तीन मिनिटं, प्लग तापवत ठेवायचा. थंड इंजिनातलं डिझेल पहिल्या मिनिटांत अपुरं जळतं आणि सगळ्यांत घाण धूर तेव्हाच निघतो. टोक गरम राहिलं तर पेटायला लागणारा वेळ घटतो, खडखडाट कमी होतो, पांढरा धूर जवळजवळ नाहीसा होतो. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ ची मानकं आली आणि हे दुसरं काम पहिल्याइतकंच महत्त्वाचं झालं. सिरॅमिकच्या टोकाचे प्लग आता तेराशे अंशांपर्यंत जातात आणि दोन-तीन सेकंदांत तयार होतात.

काही इंजिनांत तर याच कांडीला तिसरं काम मिळालं. तिच्या मागच्या बाजूला दाब मोजणारा एक भाग बसवला. कांडी टोकाला तापते, आणि स्फोटाचा धक्का बसला की तीच कांडी एका मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकी मागे सरकते. तेवढ्या हालचालीतून इंजिनाच्या संगणकाला कळतं, की या सिलिंडरमध्ये या फेरीला आग केव्हा लागली आणि किती जोराने. त्यावरून पुढच्या फेरीला डिझेल किती आणि केव्हा द्यायचं ते ठरतं, मिनिटाला हजारभर वेळा. रुडॉल्फ डिझेलने १८९३ मध्ये ऑग्सबर्गला पहिलं इंजिन उभं केलं, तेव्हा आत काय चाललंय ते बघायला त्याने दाब मोजणारं उपकरण बाहेरून जोडलं होतं. आत पहिल्यांदा आग लागताच ते फुटून उडालं. आज तीच मोजणी आगीत टोक घालून बसलेला एक प्लग करतो.